टाका नसलेलं ऑपरेशन

"हाय का टाका कुठं?" असं म्हणून मामा धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि डावा पाय पुढं करायचे. शिरूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कुणाहीपुढं. मी तेव्हा एका लहानशा दवाखान्यात आया होते, माझ्यापुढं तर हा पाय दिवसाआड यायचा.

मामा मांडवगणकडचे; माझ्या नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. अर्धी हयात मेंढरांमागं गेली, मग शेती धरली. पण चार मेंढरं आणि बिडी सुटली नव्हती. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांचा डावा अंगठा काळा पडू लागला. शंभर पावलं चालले की पोटरी धरून बसायचे. सगळा भार उजव्यावर, त्यामुळं उजव्या वहाणेची टाच झिजून कागद झालेली आणि डावी नव्यासारखी. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय कापावा लागेल.

"एका पायाचा धनगर पाहिलाय का कुणी, बाई?" मला म्हणाले.

आमच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. सोबत मी. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "मामा, कापायचं नाही. रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊ, टीव्हीवर बघत बघत. अडलंय तिथं फुगा फुगवला की रक्ताला वाट होईल."

"फुगा? जत्रंतला?"

"त्याहून लहान."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली; खरं तर मलाच कळलं नव्हतं.

ऑपरेशन होऊन मामा बाहेर आले ते चांगले बोलत. जांघेत एवढीशी पट्टी, तीही उजव्या. "बाई, घोटाळा झाला! दुखतोय डावा, ह्यांनी टोचलं उजवीकडं!" डॉक्टर हसून म्हणाले, वाट तिकडूनच जाते.

घरी आल्यावर पाय ऊबदार लागू लागला, तरी मामांचं समाधान होईना. आजारी मेंढराला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, ही त्यांची रीत. डाग दिसला म्हणजे उपचार झाला. इथं तर टाकासुद्धा नाही! एका दुपारी त्यांनी विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि डाव्या घोट्याच्या वर स्वतःच टेकवलं.

आमचे डॉक्टर असे कधी ओरडले नव्हते. "वाचलेला पाय घालवता काय?" जखम काळी पडली तर पाय गेलाच. मी रोज भीत भीत पट्टी सोडायची. पण ती लालच राहिली, आणि हळूहळू भरली.

"रक्त पोचतंय म्हणून भरली," डॉक्टर म्हणाले.

"डाग दिला म्हणून रगत पोचलं," मामा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. तुम्ही काय म्हणाला असता? डॉक्टरांचंच खरं असणार; पण तार उजवीकडून डावीकडं कशी वळली, ते मला आजही कुणाला सांगता येत नाही. मी आपला कापूस आवरला. बिडी मात्र मामांनी सोडली, कुणाचं ऐकून ते त्यांनाच ठाऊक.

मामा गेले ते बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणानं. मी भेटायला गेले तेव्हा वहाणा अजून दारातच होत्या. "उचलाया हातच हुईना," मामी म्हणाल्या. मी वाकून त्या उलट्या करून पाहिल्या. दोन्ही टाचा सारख्याच झिजल्या होत्या.