तिसऱ्या खड्ड्यातली छत्री

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे असं म्हणतात. आम्ही तो कपडे वाळत घालायच्या जागेवर खेळलो.

हेर्त्सोगेनआउराखमधली आमची वसाहत सहा इमारतींची (जर्मनीत अख्ख्या इमारतीला 'घर' म्हणतात, आत राहणारे एकमेकांना ओळखोत न ओळखोत!). त्या उन्हाळ्यात ऊन असं पेटलं की बागेला पाणी घालायला बंदी आली. मधलं, कपडे वाळत घालायचं लॉन करपलं आणि खाली नुसती रेती उरली. सगळे हळहळले, पण घर सहामधले हेर (म्हणजे श्रीयुत) ब्र्युकनर खूश! त्यांची हयात आखातात इंजिनिअरकी करण्यात गेली होती.

"आल्झो, तर मग आता वाळवंटातला गोल्फ!" त्यांनी जाहीर केलं.

त्यात हिरवळ नसतेच. खड्ड्याभोवतीची वाळू रोलर फिरवून गुळगुळीत करतात. प्रत्येकाने प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा काखोटीला मारून हिंडायचं. प्रत्येक खड्ड्याचा पहिला फटका त्यावरून, पुढे चेंडू पडेल तिथूनच. खड्डे तीन, सामना घर चार विरुद्ध घर सहा. आम्ही घर चारचे. तीन वर्षांत माझ्याशी सकाळच्या "मॉर्गन"पलीकडे (म्हणजे आपलं 'सुप्रभात') कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि आता आमच्या कर्णधार फ्राऊ (म्हणजे श्रीमती) लुट्झनी मला चक्क संघात घेतलं (बाकीचे सुट्टीवर गेले होते). हा सामना जिंकून मला माणसांत यायचं होतं!

त्याच सुमारास सासूबाई वाईहून आल्या होत्या. फ्राऊ लुट्झनी टोपलीभर त्सुकिनी (काकडीसारखे दिसणारे हिरवे भोपळे) दिल्या, त्या बघून आईंचे हात शिवशिवायला लागले.

"कोहळ्यासारख्याच लागतील. सांडगे घालते," आई म्हणाल्या.

"बाल्कनीत घाल गं," मेघना, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"बाल्कनीत कुठलं मेलं ऊन!"

विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

सामन्यात दोन खड्ड्यांनंतर बरोबरी झाली. तिसरा खड्डा आमच्या इमारतीच्या कोपऱ्यामागे, दिसतसुद्धा नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि मारला फटका. चेंडू असा झोकात वळला की फ्राऊ लुट्झनी टाळ्या वाजवल्या! (मलाही तो कसा वळला ते कळलं नाही.) तेवढ्यात कोपऱ्यामागून आवाज आला.

"कोण रे तो मेला?"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

धावत गेलो. गुळगुळीत वाळूवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर पांढऱ्या गोल सांडग्यांच्या रांगा. शेजारी खुर्ची टाकून आई बसलेल्या. गोल्फचं निशाण उपटून त्यांनी हातात घेतलं होतं आणि खड्ड्यात आपली काळी छत्री रोवली होती.

"आई, हे काय?"

"एवढी सारवल्यासारखी जागा, छत्रीला आयतं भोक, कावळे हाकलायला काठी. केवढी सोय करून ठेवतात हो ही माणसं!"

माझा चेंडू सांडग्यांत होता. मी उचलायला वाकलो.

"नाइन! नाही!" हेर ब्र्युकनर ओरडले. "पडला तिथूनच मारायचा. नियम म्हणजे नियम!"

"वाळवणात बूट घालून पाय ठेवायचा नाही!" आई कडाडल्या.

दोन्ही कायदे पाळायचे म्हणून मी बूट काढले. वाळू तव्यासारखी तापलेली! मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, घामाने चष्मा भिजलेला, त्यात चेंडू आणि सांडगे सारखेच दिसायला लागले. एकावर नेम धरला आणि हाणला.

तो सांडगा होता. अर्धा ओला. हेर ब्र्युकनरच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन पचकन बसला.

"शी! अन्नाला काठी मारता, जावईबापू?" आई उठल्या. "व्हा बाजूला. तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते."

त्यांनी छत्री उपटून माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि लहानपणी विटीदांडू खेळायच्या तसं निशाणाच्या काठीने चेंडूला अलगद कोललं. चेंडू लुगड्यावरून उतरला, घरंगळला आणि टुपकन खड्ड्यात!

"टोऽऽर!" फ्राऊ लुट्झ किंचाळल्या (म्हणजे 'गोल'; ते फुटबॉलमध्ये ओरडतात, पण आनंदात कोण बघतो!). त्यांनी आईंना कडकडून मिठी मारली. मला वाटलं, झालो एकदाचा माणसांत!

हेर ब्र्युकनर शर्ट पुसत पुढे आले.

"या बाई घर चारच्या?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी म्हणालो.

"अनमेल्डुंग आहे?"

अनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. पाहुणीची कुठून असणार! फटका रद्द झाला. सांडग्याला मारलेला माझा फटका मात्र धरला गेला आणि आम्ही हरलो. फ्राऊ लुट्झ माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला रडू यायचंच बाकी होतं.

आठवडाभराने त्या दारात हजर. मला वाटलं, सांत्वनाला आल्या.

"तुमच्या सासूबाई पुढच्या वर्षी कधी येणार?"

पुढच्या उन्हाळ्यात विमानतळावरून आईंना मी आधी अनमेल्डुंगच्या कचेरीत नेलं, मग घरी. घर चार दणक्यात जिंकलं. संघात मीही होतो बरं का! आई खेळत असताना सांडगे कोणीतरी राखायला हवेत, म्हणून मला छत्री देऊन खुर्चीत बसवलं होतं. कावळेसुद्धा मला भीत नव्हते.