घरामागं झाड कोणतं?

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा आधी त्याच्यावर संशय घेतील. मोहर्लीकडच्या खेड्यांतून त्यांनी जन्मभर सायकलवर टपाल वाटलं. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गाव त्यांना पोस्टमनभाऊच म्हणतं. अजूनही खाकी शर्ट आणि खिशाला दोन पेनं असतात. त्यातलं एक चालत नाही, ते मागणाऱ्यांसाठी.

नोकरीत त्यांची एक रीत होती. गावात घरांना नंबर नव्हते आणि एका नावाची चार-चार माणसं. मग मामा घरामागच्या झाडावरून माणूस ओळखायचे. हा चिंचेवाला किसन, तो बोरीवाला किसन. अनोळखी कुणी किसनचं पत्र मागायला आला की त्याला विचारायचे, "घरामागं झाड कोनतं हाये?" उत्तर चुकलं की पत्र नाही. पुढे पत्रं गेली, मोबाईल आले. लॉटरी लागल्याचे, लाईट कापणार असल्याचे, पोलीस घरी यायला निघाल्याचे फोन गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना यायला लागले, तेव्हा मामांनी तीच रीत बाहेर काढली. पारावर बसून फर्मान सोडलं, "अनोळखी फोन आला का पयले आपल्या घरामागचं झाड इचारा. नाई सांगता आलं, तं फोन कापा. लाजू नका!"

झालं! सगळं गाव झाड विचारायला लागलं. गॅसवाल्याला झाड, लसीचं सांगायला फोन करणाऱ्या नर्सबाईला झाड. मी चिमूरला शाळेत शिकवते. एकदा शाळेच्या फोनवरून बोलले तर मलाही झाड! "अहो मामा, मी तुमची सून!" "ते सगळेच म्हन्तेत. झाड सांग." मी वैतागून ओरडले, "कवठ! कवठ आहे तुमच्या घरामागं!" आजूबाजूचे मास्तर बघायला लागले. आणि तिकडे आवाज एकदम लोण्यासारखा मऊ, "हाव, सूनबाई. जेवली का?"

मामांच्या शेजारी शेवंताबाई राहते. तिचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं नेला. नुकसानभरपाई मिळायची होती आणि पोरीच्या शिक्षणापासून घरच्या मिठापर्यंत सगळं तिच्यावरच अडलेलं. अशात एक दिवस फोन आला, "वनखात्यातून बोलतो. तुमचे पैसे मंजूर झाले. मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांगा." बाई हरखून गेली. नंबर अगदी ओठावर आला होता, पण मामांचा धाक मोठा. तिनं विचारलं, "भाऊ, माह्या घरामागं झाड कोनतं हाये?" तो म्हणाला, "आंब्याचं." "बिब्याचं हाये रे मुडद्या!" म्हणून हिनं फोन कापला. मामा चार दिवस नवरदेवासारखे गावभर मिरवले.

पण महिने गेले तरी पैसे येईनात. शेवंताबाई रोज विचारायची आणि मामा रोज सांगायचे, "सरकारी काम हाये बाई, दम धर." मी सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा सकाळी तिच्या दारात एक फॉरेस्ट गार्ड उभा राहिला. "ताई, तुमच्या पासबुकाची झेरॉक्स पुसट हाये, दुसरी पाहिजे. हापिसातल्या बाबूनं तीनदा फोन केला. काऊन कापता तुमी?" शेवंताबाईनं अर्धं दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "झाड सांगा." तो बिचारा घराला वळसा घालून मागं गेला, मान वर करून पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "बिबा हाये ना, ताई!" तेव्हा कुठं दार उघडलं.

मला हसू आवरेना. वळून पाहिलं तर मामा ओट्यावर बसलेले, हातातला चहा गार झालेला. "सूनबाई, खोट्याले झाड नाई आलं अन् खऱ्यालेबी नाई आलं. मंग मी अडवलं कोनाले? मले तं काईच समजून नाई राह्यलं. इचे एवढे महिने मीच वाया घालवले." माझं हसू तिथंच थांबलं. मी शिकलेली बाई, पण मलाही रोज येणाऱ्या मेसेजमधला खरा कोणता, खोटा कोणता, देवाशपथ कळत नाही. शेवटी शेवंताबाईच म्हणाली, "भाऊ, खरा होता तो दारात आला. त्या मुडद्याले नंबर देला असता, तं तो आला असता का पैसे घेऊन?" मामांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

नवी झेरॉक्स गेली, पैसे आले, पोरगी चंद्रपूरला कॉलेजात गेली. गाव अजून झाड विचारतं. मामा मात्र कुणाला काही सांगायला जात नाहीत.

परवा मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "सूनबाई, मी बोलून राह्यलो. माहा फोन पान्यात पडला." आवाज ओळखीचा होता, पण म्हटलं, आज आपली पाळी! "ते सगळेच म्हणतात. माझ्या घरामागं झाड कोणतं?" मामा आठवायला लागले. "थांब हं... सांगतो..." माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांनीच येऊन ते झाड लावलेलं. सगळ्या गावाची झाडं पाठ असलेला माणूस. मी वाट पाहिली आणि कशाला विचारलं असं झालं मला. "नाई आठवून राह्यलं, बाई," ते हळूच म्हणाले. "काप फोन. नियम हाये."

"शेवगा, मामा," मी म्हटलं. "जेवलात का?"