वाळूत पुरलेला डबा

ती सोमवारी गेली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. नर्सनं तिच्या कानांतल्या कुड्या काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी वहीत सही केली. मग खाली जाऊन ताईला फोन केला.

एकतीस वर्षांच्या संसारात बायकोची एखादी वस्तू सांभाळायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. तोवर सगळं उलटं होतं. आमच्या साऱ्या गोतावळ्याच्या वस्तू तीच सांभाळायची, आणि त्यातही पाण्याकाठी.

सोलापूरच्या माणसाला पाण्याचं वेड असतं, समज नसते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस तळं दिसो, तरणतलाव दिसो की समुद्र, आधी आत उतरतो आणि मग त्याला आठवतं की खिशात मोबाइल होता. आमच्या घरात हे आधी आठवण्याचं काम तिच्याकडे होतं. बाकीच्यांनी फक्त ओलं व्हायचं.

शहराबाहेरच्या वॉटर पार्कमध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथं भाड्याचे लॉकर होते. ताईच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, दर वाचला आणि मान हलवली. "कशाला भाडं भरायचं? आपला लॉकर हाय की," असं म्हणून त्यांनी माझ्या बायकोकडे बोट केलं. सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव लॉकर पडलं. पुढे दर सहलीला कुणीतरी विचारायचंच, "लॉकर कुठं बसलंय?"

लॉकर झाडाखाली बसलेलं असायचं. तिची एक पद्धत होती. मोठ्या टॉवेलाच्या चार कोपऱ्यांना चार गाठी. एकीत दाजींची अंगठी आणि घड्याळ, दुसरीत ताईचं मंगळसूत्र आणि पाटल्या, तिसरीत भाचीचा मोबाइल, चौथीत चष्मे. दाजींचे पुढचे दोन दात खोटे आहेत, तेही समुद्रात जाण्याआधी काजळाच्या जुन्या डबीत घालून तिच्याकडे यायचे. मग टॉवेलाची घडी करून ती त्यावर बसायची आणि उठायची नाही. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे रागावली की कानडी यायची. दाजी ओल्या हातांनी मोबाइल मागायला आले की म्हणायची, "सुम्न कुंद्री." म्हणजे गप बसा. दाजी कधीच गप बसले नाहीत. गप बसून राहायची ती.

मी कुठे होतो? तिच्याशेजारीच, चार हातांवर, पुस्तक घेऊन. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू पाण्यात का येत नाहीस. मला पाण्याची भीती वाटते हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी वाचतो आहे असं सांगायचो. लोकांनाही ते पटायचं.

एकदा कोकणात, दुपारी, तिनं मला विचारलं होतं, "अहो, तुमी बसता का जरा ह्याच्यावर? मी पाय बुडवून येते."

मी म्हणालो, "एवढं प्रकरण संपवतो."

ती थांबली. प्रकरण संपेपर्यंत सगळे परत आले होते. कुणाला चष्मा हवा होता, कुणाला दात. त्यानंतर तिनं विचारलं नाही. ते पुस्तक कोणतं होतं, हे मला आज आठवत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना पुस्तकं शोधून देणाऱ्या माणसाला आठवत नाही.

ती जाऊन अकरा महिने झाले तेव्हा ताईनं सहल ठरवली. "घरात बसून भिंती किती दिवस बघणार? चल समुद्रावर," असं ती फोनवर म्हणाली. मी नाही म्हणालो. मग ती थेट घरी आली आणि तिनं माझी पिशवी भरली. आम्ही चौघं निघणार होतो: ताई, दाजी, पुण्यात नोकरी करणारी त्यांची मुलगी आणि मी.

निघण्याआधी त्यांच्या घरी एक प्रश्न उभा राहिला, जो आजवर कधी उभा राहिला नव्हता. सामान कुणाकडे ठेवायचं?

भाचीनं मोबाइलसाठी प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या मागवल्या, गळ्यात अडकवायच्या. त्यांची परीक्षा बादलीत झाली. आत कागदी रुमाल घालून पिशवी बुडवली, वर वरवंटा ठेवला, आणि सगळं कुटुंब बादलीभोवती उभं राहिलं. अर्ध्या तासानं रुमाल कोरडा निघाला. ताईनं टाळ्या वाजवल्या.

दाजींना हे काही पटलं नाही. टेंभुर्णीला त्यांचं बोअरच्या मोटारींचं दुकान आहे. "तीनशे फूट पाण्यात मोटार सोडतो मी. थेंब शिरत न्हाय आत. मला पिशव्या दाखवता व्हय?" असं म्हणून त्यांनी क्लिपांचा एक स्टीलचा डबा काढला, त्याच्या झाकणाला मोटारीचं रबरी पॅकिंग बसवलं आणि जाहीर केलं की दागिने, गाडीची किल्ली आणि दात यात जाणार, आणि डबा वाळूत जाणार.

"वाळूत?" भाचीनं विचारलं.

"पुरायचा. आपल्याशिवाय कुणाला ठावं? चोराचा बाप आला तरी सापडायचा न्हाय."

मी हे सगळं ऐकत बसलो होतो. एका बाईच्या जागी तीन पिशव्या, एक डबा, एक रबर आणि एक खड्डा लागत होता, आणि हिशेब अजून जुळत नव्हता.

कुड्या माझ्या शर्टाच्या खिशात होत्या. नर्सनं दिल्या त्याच कागदात. सहा मोती आणि मध्ये लाल खडा, अशी साधी जोडी. घरी ठेवता आल्या असत्या, बँकेत ठेवता आल्या असत्या. ताईनं दोन्ही सुचवलं होतं. पण अकरा महिने मी शर्ट बदलला की कागद या खिशातून त्या खिशात घालत होतो. मला त्या हरवू द्यायच्या नव्हत्या, आणि दुसऱ्या कुणाकडे द्यायच्याही नव्हत्या. तिचं मी एवढंच सांभाळत होतो.

कोकणात पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र लांब होता. मध्ये ओल्या, घट्ट वाळूचं मोकळं मैदान पडलं होतं.

मी म्हणालो, "तुम्ही जा. मी बसतो सामानाजवळ."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू? अरे, तू पुस्तक काढशील आणि कुणी तुला उचलून नेलं तरी कळायचं न्हाय तुला. डबा तर लांबच."

दाजी म्हणाले, "राखणीला माणूस जागा लागतो, पाव्हणं."

जे काम करायला काहीच लागत नाही असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो, त्या कामात मी नापास झालो. वाईट याचंच वाटलं की निकाल बरोबर होता.

दाजींनी माझ्या खिशाकडे हात केला. "त्या पण द्या. समुद्र हाय, उडतंय पाणी. कागद भिजंल." मी कागदाची घडी आणखी घट्ट केली. मग तो डब्यात सगळ्यांत वर ठेवला. दाजींनी चारही क्लिपा टक टक लावल्या.

डबा कुठं पुरायचा हे दाजींनीच ठरवलं. कोरडी वाळू भुसभुशीत, तिथं कुणीही उकरेल. म्हणून पाण्याजवळची घट्ट जागा. पोहता पोहता नजरही राहील. दाजींची थोडी जमीन उजनी धरणाच्या काठाला आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या गाळात ते पेरतात, पीक काढतात, आणि पाणी परत येतं ते पावसाळ्यात. पाण्यानं जागा सोडली की चार महिने ती आपली, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. समुद्राकडे त्यांनी त्याच भरवशानं पाहिलं. आम्हा बाकीच्यांना तेवढाही अनुभव नव्हता. भरती हा शब्द मी शेकडो पुस्तकांत वाचला होता. त्या सकाळी तो मला आठवला नाही.

चोरांना दिसू नये म्हणून आम्ही खड्ड्याभोवती पाठमोरं कोंडाळं केलं. किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस आमच्याकडे बघू लागला. डबा हातभर खोल गेला. वर खूण म्हणून चार चपला चार दिशांना, आणि शिवाय दाजींनी डोळा बारीक करून नेम धरला: "त्या निळ्या होडीच्या सरळ रेषेत. ध्यानात ठेवा." मी सवयीनं मागच्या वाकड्या सुरूच्या झाडापासून पावलं मोजली. एकशे बारा. ग्रंथालयात कपाट आणि फळी लक्षात ठेवायची खोड, दुसरं काही नाही.

मग ते तिघं गळ्यात मोबाइल लटकवून समुद्रात उतरले. समुद्रात उभं राहून, पिशवीच्या प्लास्टिकमधून, मोबाइलच्या पडद्यावर ते समुद्रच बघत होते. मी काठाकाठानं फिरलो. थोड्या वेळानं सगळ्यांना भूक लागली आणि आम्ही वरच्या टपरीवर कांदाभजी खायला गेलो. दात डब्यात असल्यामुळे दाजींना भजी चावायला वेळ लागला. तासभर तरी गेला असेल.

भाची उठून बघायला गेली आणि ओरडली, "पप्पा, चपला पोहतायत!"

मोकळं मैदान नाहीसं झालं होतं. जिथं आम्ही कोंडाळं केलं होतं तिथं पाणी होतं, आणि निळी होडी, जी सकाळी वाळूत रुतलेली होती, ती आता तरंगत तिसरीकडेच तोंड करून उभी होती.

टपरीवाल्या मावशी हसू दाबत म्हणाल्या, "भरती लागलीय केव्हाची. आता रात्रीपर्यंत वाट बघा."

"आधी सांगायचं की मग, मावशी!" दाजी म्हणाले.

"पुरताना कुठं मला सांगून पुरलात? पाठ फिरवून उभे होतात सगळे."

ताई रडायला लागली, मंगळसूत्र, मंगळसूत्र म्हणून. दाजी होडीच्या रेषेत धावले, आणि होडी फिरली तसे तेही फिरले. मी वाकड्या सुरूपाशी गेलो, पाठ टेकली आणि चालायला लागलो. सत्तर पावलांना पाय भिजले. नव्वदला पाणी गुडघ्याला लागलं. पायाखालची वाळू सरकत होती आणि मला भीती वाटत होती. पण पावलांचा आकडा चुकला तर कुड्या गेल्या, म्हणून मोजत राहिलो. एकशे बाराला पाणी कमरेला होतं. मी पायानं उकरलं. मग श्वास धरून खाली वाकलो, हातानं उकरलं. तिसऱ्यांदा बोटांना धातू लागला.

डबा घेऊन मी वर आलो तेव्हा काठावर तिघं ओरडत होते. "सापडला? आणा, आणा हिकडं!"

काठ चाळीस पावलांवर होता. मला तेवढा दम निघाला नाही. आत पाणी शिरलंय का, कागद भिजलाय का, हे मला तिथंच बघायचं होतं. मी डबा छातीशी धरला आणि क्लिपा उघडल्या.

आत थेंब नव्हता. दाजींचं पॅकिंग पक्कं होतं. कागद इतका कोरडा की बोटात कुरकुरला. मी तो उलगडला. दोन्ही कुड्या होत्या.

तेवढ्यात मागून लाट आली. फार मोठी नव्हती. काठावरची मुलं तसल्या लाटांवर उड्या मारत होती. मी डबा मिटला, मूठ मिटली, पडलो, उठलो. मुठीत ओला कागद होता आणि एक कुडी होती.

अकरा महिने मी त्या सांभाळल्या. दाजींच्या ज्या डब्याला मी मनात इतका हसलो, त्यानं भर समुद्रात त्या कोरड्या ठेवल्या. भिजवल्या मी.

ताई म्हणाली, "अरे, काठावर येऊन उघडायचास की." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "जाऊ दे. मोतीच ते. पाण्यातून आले, पाण्यात गेले." असली वाक्यं ताईला ती गेली तेव्हाही सुचली होती.

अंगठी, किल्ली, मंगळसूत्र, सगळं सुखरूप होतं. दाजींनी डब्याकडे पाहिलंही नाही. दातही लावले नाहीत. ते पाण्यात उतरले आणि मी उभा होतो त्या जागी वाकून वाळू चाळू लागले, मूठ मूठ वर काढून, उन्हाकडे धरून. पाणी छातीला लागलं तेव्हा भाचीनं त्यांना ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी पोचायच्या आधी ते पुन्हा तिथं होते, चाळणी घेऊन. चाळणी टपरीवाल्या मावशींची होती. शिंपले निघाले.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि चाळू लागलो. चाळता चाळता ते म्हणाले, "आमी तिला कधी पाण्यात येऊ दिलं न्हाय, व्हय ना?"

मी म्हणालो, "तिनं मला विचारलं होतं."

त्यांनी चाळणीत पुन्हा वाळू भरली.

सोलापूरला आल्यावर मी सराफाकडे गेलो. एक बघून दुसरी हुबेहूब करून देतो, म्हणाला. मी नको म्हणालो.

आता एक कुडी आहे. ती मी कपाटात ठेवली आहे.