सिगारची पेटी आणि दिवसा लावलेली ट्यूब

पिंपळनेरच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली तेव्हा आईने खिडकीतून दशम्यांचा डबा दिला आणि आबांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पाऊण इंचाची पटाशी माझ्या बॅगेत कोंबली. वीज केंद्रात नोकरीला निघालेल्या पोराला कोणी पटाशी देतं का? पण आमचे आबा सुतार. देण्यासारखं त्यांच्याकडे तेच होतं. गाडी हलली तसे ते खिडकीशी चालत म्हणाले, "हातले इसरू देऊ नको, भाऊ." मी मान डोलावली. वीज केंद्राच्या कॉलनीत, दीपनगरला पोचल्यावर त्या पटाशीने मी पहिलं काम केलं ते रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचं. आबांनी पाहिलं असतं तर माझंच झाकण उचकटलं असतं.

तुम्ही गावी राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघांसाठी लिहितोय. गावाकडच्यांना वाटतं, ह्याचं बरं चाललंय. चाललंच आहे. क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे, दिवे कधी जात नाहीत. पण माझं काम म्हणजे बिनखिडक्यांच्या कंट्रोल रूममध्ये आठ तास पडद्यावरचे आकडे बघत बसणं. काही घडू नये म्हणून बसायचं. दिवसभर काही घडलं नाही की काम उत्तम झालं. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट, मग सुट्टी, मग पुन्हा ए. अशी किती वर्षं गेली ते सांगत नाही, पण आलो तेव्हा माझा भांग वेगळा होता आणि आता भांग काढायचं कामच उरलेलं नाही. कोणी कोंडून ठेवलेलं नाही. गेट उघडं असतं, रखवालदार सलामही करतो. तरी गेटमधून आत येताना माझ्या छातीवर रोज कोणीतरी बसतं.

कॉलनीत एक आवाज असतो. घूं. टर्बाईनचा, ट्रान्सफॉर्मरचा, कशाकशाचा मिळून. नवा माणूस आठवडाभर कुरकुरतो, मग त्याला तो ऐकू येईनासा होतो. आबा एकदाच राहायला आले होते. दोन दिवसांनी पिशवी भरून दारात उभे. "आठे कोनी तरी सारखं कण्हस," म्हणाले. मी हसलो. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगमधले एक साहेब निवृत्त झाले. सामान आवरताना त्यांनी मला एक लाकडी पेटी दिली. जावयाने परदेशातून आणलेल्या सिगारची, रिकामी. "स्क्रू-बिक्रू ठेवायला होईल." मी झाकण उघडलं, वास घेतला आणि थेट आबांच्या दुकानात जाऊन पोचलो. लाकूड देवदारासारखं, हलकं, कडा नीट जुळवलेल्या. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. असल्याच पेटीला दांडा लावून, तीन तारा ओढून कोणी गोरा माणूस गिटार वाजवत होता. म्हटलं, अरे, हे तर आपल्याला येईल.

खरं सांगायचं तर गिटार हे निमित्त होतं. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात थरथरायला लागला होता. गल्लीतला दुसरा सुतार दुकान मागत होता. आबांनी फोनवर मला अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत घातली, "आखाजीलोंग सांग. तुले येनं व्हई तं दुकान तुनं शे." नोकरी सोडून पिंपळनेरला जायचं मी मनात शंभरदा ठरवलं होतं. मुलीची दहावी, बायकोची नोकरी, सगळ्याला उत्तरं शोधून ठेवली होती. फक्त एका गोष्टीची खात्री नव्हती. हाताला अजून काही येतं का? ही पेटी वाजली तर मी सुतार, नाही तर आकडे बघणारा. असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

पटाशीला धार लावायलाच एक रविवार गेला. कॉलनीत जुनी दारं काढून लोखंडी बसवत होते, त्यातल्या चौकटीचा एक सागवानी तुकडा मागून आणला. त्याचा दांडा काढला, रंधला, पॉलिश केला आणि पेटीच्या कडेला दणकून चिकटवला. जळगावहून तारा आणि खुंट्या आणल्या. पहिली तार ताणली, दुसरी ताणली, तिसरीला झाकण कमानीसारखं वर आलं आणि दांडा सुटून माझ्या गुडघ्यावर आदळला. सुताराच्या पोराने जोड न करता नुसता डिंक लावला होता! बायको रेखा म्हणाली, "आबांना फोटो पाठवू का?" तिचं माहेर नशिराबादचं, टोमणा तिला तिकडूनच मिळालेला आहे.

मग नीट केलं. पेटीच्या दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, दांडा आरपार नेला, ताण सगळा सागावर घेतला. तारांच्या खाली घोडी म्हणून एक जाड बोल्ट आडवा ठेवला. महिनाभर गॅलरीतल्या गजांशी उकिडवा बसून मी भुसा पाडत होतो आणि खोटं कशाला बोलू, इतका सुखी मी त्या क्वार्टरमध्ये कधीच नव्हतो. खाच बसली तेव्हा 'खट्' असा जो आवाज आला, त्याने डोळ्यांत पाणी आलं. हात विसरला नव्हता.

सूर लावायचं मला कळत नव्हतं. व्हिडिओवाला काहीतरी यंत्र वापरत होता, मी कानाने लावायचो. जाड तार पिळत जायची, एका जागी ती बरोबर बसायची. तिच्यावरून बाकीच्या दोन. रोज तार उतरायची आणि रोज तिला तीच जागा सापडायची. मला वाटलं, वा, कानही शाबूत आहे. मी राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. रेखा मुलीला घेऊन नशिराबादला गेली आणि मी गिटार चादरीत गुंडाळून, लेकीसारखा, माझ्या माहेरी. आमरस-पुरणपोळी झाल्यावर आबा मला दुकानात घेऊन गेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती पेटी डोळ्यांनी नाही, बोटांनी पाहिली. खाचेवर अंगठा फिरवला. "जोड चांगला शे," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मग स्टुलावर टेकले. "वाजाड."

गाडीच्या धक्क्यांनी तारा उतरल्या होत्या. मी जाड तार पिळायला लागलो. जागा येईना. पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे. बाहेर झोक्याच्या कड्या करकरत होत्या, एवढाच आवाज. ऐन उन्हाची वेळ, वीज गेलेली, पंखा थांबलेला. गावात इतकं शांत होतं की माझ्या कानाला धरायला काही मिळेना. आबा फळीवर टिचकी मारून लाकूड ओळखणारे, त्यांच्यासमोर मी खुंटी पिळत बसलेलो.

"तठे कसा लावस?"

"तिकडे? लागतो आपोआप."

"तठे काय वाजस?"

"काहीच नाही वाजत, आबा."

तेवढ्यात पंखा हलला, वीज आली. आबा उठले आणि त्यांनी ट्यूबचं बटण दाबलं. दिवसा दिवा लावला म्हणून माझ्या पाठीत धपाटे घालणाऱ्या माणसाने भर उन्हात ट्यूब लावली. ती फडफडली, पेटली आणि तिचा जुना चोक घुमायला लागला. घूं.

"आते लाव."

मी खुंटीला हात लावला आणि तार स्वतःहून चालत गेल्यासारखी त्या आवाजात जाऊन बसली. तीच जागा. रोजची. इतकी वर्षं मला ऐकू न येणारं ते कण्हणं मी गॅलरीत बसून रोज तारेला शिकवत होतो.

आबा जवळ आले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुना कान तठेच राही गया, भाऊ." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. हात विसरला नाही, शिकेन, महिनाभरात कान वळवेन, असं सगळं म्हणता आलं असतं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी आत कुठेतरी हायसं वाटत होतं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली गल्लीतल्या सुताराकडे गेली. गिटार आबांनी ठेवून घेतली. "ऱ्हाऊ दे आठेच," एवढंच म्हणाले. मी परत आलो, राजीनाम्याचा कागद फाडला, बी शिफ्टला हजर झालो. पण आता मला तो आवाज ऐकू येतो. जेवताना येतो, अंघोळ करताना येतो, भिंतीला पाठ लावली की पाठीतून येतो.

परवा फोनवर आई तक्रार करत होती. "तुना आबाले काय व्हयनं, माहित नही. भर दिवसमा घरमा ट्यूब लावतस अन् ती पेटी मांडीवर लिसन बसतस." मी फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला. काय करताय, विचारलं.

"तू तठे कसा राहस, ते ऐकी ऱ्हायनू."

मग त्यांनी जाड तार छेडली. फोनमधून ती आली आणि माझ्या क्वार्टरच्या भिंती बरोबर त्याच सुरात होत्या. पिंपळनेरचं घर माझ्यासाठी आता तेवढंच उरलं आहे. एक म्हातारा माणूस दिवसा ट्यूब लावतो, थरथरत्या हाताने खुंटी पिळतो आणि माझ्याबरोबर इथे आत येऊन बसतो.