काचेच्या पट्ट्या

परवा मिस्त्रीने प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं आणि त्या ओलसर, खडूसारख्या वासाने मला सुरतजवळच्या उधन्यातली आमची जुनी तीन मजली बिल्डिंग आठवली. तळमजल्यावर कापडाचे लूम धडधडायचे आणि जिन्याच्या भिंतींना पाच ठिकाणी तडे गेले होते. एका ठेकेदाराने तर "सगळं पाडावं लागेल" असं सांगून बारा घरांची झोप उडवली. मग कुणीतरी एका इंजिनिअर बाईंना आणलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी चिकटवते आणि सहा महिने अधूनमधून येऊन बघते. तडा वाढला तर पट्टी फुटेल." त्यांची फी ऐकून शेजारची खान्देशी मावशी उसळली, "नुसता देखाना पैसा कसाना? लिंपी टाका!" तरी घर सोडण्यापेक्षा हे बरं, म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढली. गंमत म्हणजे रोज सकाळी पट्ट्या बघायला पहिली मावशीच जायची. चौथ्या महिन्यात ती जिन्यातून ओरडत आली, "फुटनी वं, फुटनी!" गच्चीवरच्या टाकीखालची एकच पट्टी तडकली होती, बाकीच्या चार शाबूत होत्या. बाईंनी लगेच टाकी रिकामी करायला लावली, तिचा भार पेलणारा तेवढाच खांब दुरुस्त झाला आणि कुणाचंच बिऱ्हाड हललं नाही. निघताना मावशीने बाईंच्या हातात गरम मांडे ठेवून दटावलं, "पुढला वरीसले बी येजो, माय!" आता आमच्या सोसायटीत तपासणीच्या खर्चावर कुणी कुरकुरलं की मला त्याचा राग येत नाही, उद्या सगळ्यात आधी जिना चढणारा तोच असेल, असं वाटतं.