आमच्या जाऊबाईंचा प्राधान्यक्रम

जगात कोणाच्या आधी कोण, हा अवघड प्रश्न परमेश्वराने स्वतःकडे न ठेवता आमच्या थोरल्या जाऊबाईंवर सोपवला असावा, अशी माझी लग्न होऊन या घरात आल्यापासूनची समजूत आहे. निदान बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांपुरता तरी तो कारभार त्याच बघतात. नोकरीने त्या समूह संघटिका होत्या. या तिन्हींपैकी एका गावच्या पालिकेत. कुठल्या, ते लिहू नकोस अशी त्यांची ताकीद आहे, कारण "बाकीच्या दोघींना वाईट वाटेल". समूह संघटिका म्हणजे वस्त्यांतून फिरायचं, कोणाच्या घरात काय कमी आहे ते लिहून आणायचं, आणि घरदुरुस्तीसाठी किंवा समाजकल्याणासाठी अनुदान आलं की ते आधी कोणाला आणि मग कोणाला, याची यादी करून साहेबांपुढे ठेवायची. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या हाताला जे वळण लागतं, ते ऑफिस सुटलं म्हणून सुटत नाही. घरी आंब्याची पेटी आली तरी जाऊबाई यादी करत. पहिला आंबा भांडी घासायला येणाऱ्या सखूबाईंना, कारण त्यांना घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक करायचा असतो. दुसरा माझ्या मुलाला, कारण तो परीक्षेत नापास झाला होता आणि "पास झालेल्याला आंब्याची काय गरज?" थोरले दीर, म्हणजे त्यांचे स्वतःचे यजमान, बहुधा सातवे-आठवे यायचे. होते तोवर त्यांनी कधी तक्रार केली नाही. ते म्हणायचे, "मी यादीत आहे, एवढं पुरे."

त्यांच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. कार्यालयात पहिली पंगत मांडली गेली, वऱ्हाडी हात धुऊन आले आणि बघतात तर काय, पानांवर बँडवाले, मांडववाले आणि बसचे ड्रायव्हर बसलेले. मध्यभागी सनईवाले आजोबा जिलबी मागून घेत होते. नवऱ्या मुलाची आई लाल झाली. जाऊबाई शांतपणे त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा दोनदा नाश्ता झालाय. या लोकांच्या पोटात पहाटेपासून चहाशिवाय काही नाही. वीस मिनिटं थांबा, मी स्वतः वाढते." विहीणबाई वीस मिनिटं थांबल्या आणि पुढे वर्षभर बोलल्या नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या ज्या सिंधी शेटजींकडून लग्नाचे कपडे घेतले, त्यांचाही अनुभव वेगळा नव्हता. आमच्यासाठी गठ्ठे उलगडायला ते बसले, तर जाऊबाई मागे उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साईं, पहले इनको. इनके घर में हळद आज है." मग दुसरीला, मग तिसरीला. शेवटी शेटजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आप आती हो तो लगता है दुकान आपकी है, मैं नौकर हूँ."

कोणाच्याही घरात शिरल्यावर जाऊबाई आधी माणसांकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळे तिच्याकडे बघत होते आणि जाऊबाई मान वर करून बसलेल्या. मुलीच्या वडिलांना वाटलं यांना पंखा हवाय. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊ, त्या कोपऱ्यात स्लॅबची सळई दिसायला लागलीय. मुलीचं लग्न सहा महिने थांबेल, हा कोपरा थांबणार नाही." ते लग्न जमलं नाही. पण त्या गृहस्थांनी महिन्याभरात कोपरा दुरुस्त करून घेतला आणि अजून दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो.

आणि त्यांची दुसरी खोड म्हणजे पाणी मागणं. अर्जावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "अर्ज कोणीही लिहून देतं," त्या म्हणायच्या. वस्तीतल्या घरात गेल्या की ओट्यावर टेकायचं, आणि एक पेला पाणी मागायचं. मग पाणी माठातून येतं की शेजारणीकडून, आणायला कोण उठतं, पेला द्यायला घरात हात किती आहेत, हे सगळं त्या बघत. असं दिवसाला वीस घरांतलं पाणी पिऊन त्या घरी यायच्या आणि रात्रीच्या जेवणाला नको म्हणायच्या.

अशा बाईशी माझं एकदाच वाजलं, आणि ते माझ्या आईवरून. माझी आई एकटी, चाळीतल्या एका खोलीत राहायची. योगायोगाने ती चाळ जाऊबाईंच्याच हद्दीतली. तिच्या खोलीचे पत्रे कुजले होते. त्या वर्षी घरदुरुस्तीचं अनुदान येणार असं कळलं तेव्हा मी आईचा अर्ज भरला आणि निश्चिंत झाले. घरचीच माणसं यादी करणार, मग काळजी कसली? महिन्याभराने जाऊबाई जेवणाच्या टेबलावर यादी तपासत बसल्या होत्या, तेव्हा मी सहज डोकावले. आईचं नाव एकोणिसावं होतं.

"ताई, एकोणिसावी?" मी विचारलं.

"हो. तिला पेन्शन आहे. तू आहेस. तिच्या वर ज्या अठरा आहेत त्यांना दोन्ही नाहीत."

"पण ती माझी आई आहे."

"म्हणून तर तिचा अर्ज मी तीनदा तपासला," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथल्या मैत्रिणींना मी जाऊबाईंबद्दल काय काय सांगितलं ते आता आठवलं की लाज वाटते. नवव्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "आज सुट्टी टाक. माझ्याबरोबर चल. यादीत पहिलं नाव कोणाचं आहे ते तुझ्या डोळ्यांनी बघ, मग हवं तितकं रुस."

आम्ही गेलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं घर, आणि दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार, एवढ्यात खिडकीच्या गजांत एक चेहरा दिसला. चारेक वर्षांची मुलगी. "आई कामाला गेलीय," ती म्हणाली. तिची आई एमआयडीसीत पॅकिंगला जायची, सकाळच्या पाळीला, वस्तीतल्या बायकांबरोबर रिक्षा करून. घरात दुसरं कोणी नव्हतं. जाऊबाई खिडकीशी गेल्या. मग सवयीने म्हणाल्या, "बाळा, पाणी देतेस?"

मुलगी आत पळाली, पेला भरून घेऊन आली. पण पेला गजांतून बाहेर येईना. तिने आडवा करून बघितला, निम्मं पाणी तिच्या झग्यावर सांडलं. तेव्हा जाऊबाईंनी खिडकीखाली ओंजळ धरली, मुलीने गजाशी पेला कलता केला आणि जाऊबाई ते पाणी प्यायल्या. मग त्या पायरीवर बसल्या. मीही बसले. तिची आई पाळी संपवून येईपर्यंत, म्हणजे दुपारी सव्वातीनपर्यंत आम्ही तिथे होतो. जाऊबाई खिडकीतून तिला बेडकाच्या, माकडाच्या, काय वाटेल त्या गोष्टी सांगत होत्या. मध्येच मुलीचा आवाज बंद झाला. ती गजाला कपाळ टेकून उभ्या उभ्या झोपली होती.

मुलीची आई आली ती दारात पालिकेच्या बाई बघून घाबरलीच. जाऊबाईंनी तिला सांगितलं की पत्र्यांच्या यादीत तुझं नाव पहिलं आहे. बाईने घाम पुसला आणि म्हणाली, "पत्रा गळतोय तर गळू द्या ताई. त्याच्याखाली पातेलं ठेवता येतं. पोरीला कुठं ठेवू?"

परतताना रिक्षात मी म्हटलं, "ताई, आईचं नाव असू दे तिथेच. मी चुकले."

"तू नाही, मी चुकले," जाऊबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं पाणी मागते मी, पण दुपारचं. सकाळी कुलूप दिसलं की घर बंद असं लिहून पुढे जात होते." जरा वेळाने, जसं काही भाजी काय करायची ते सांगतायत अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आणि तुझी आई या पावसाळ्यात त्या पत्र्याखाली राहणार नाही. पालिकेच्या यादीत ती एकोणिसावी. माझी खोली मी आज सकाळीच रिकामी केलीय. तिला आणायला रविवारी जाऊ."

मला रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि आवाज न करता रेडिओ बंद केला.

पुढचे पंधरा दिवस जाऊबाई भल्या सकाळी घर सोडत आणि ज्या दारांना कुलूप, नेमक्या त्याच दारांशी जाऊन थांबत. जुनी यादी त्यांनी फाडून टाकली. नवी यादी नावांची नव्हे, कामांची केली आणि सगळ्यात वर लिहिलं, पाळणाघर. त्याखाली पत्रे. ऑफिसात गडबड उडाली, कारण तिथल्या एका वजनदार पुढाऱ्यांना त्या वर्षी समाजमंदिर हवं होतं, आणि त्याची जागा, रंग, कोनशिला सगळं मनात पक्कं झालेलं होतं.

प्राधान्यक्रम ठरवायची बैठक सकाळी होती. वस्तीतल्या प्रतिनिधी म्हणून मागच्या खुर्च्यांवर काही बायका बसवायच्या होत्या. पण ज्या बोलल्या असत्या त्या पाळीला गेलेल्या. म्हणून जाऊबाईंनी मला नेलं. पुढारी मोठ्या मनाने हसत म्हणाले, "मॅडम, समाजमंदिरात लग्नं होतात, सभा होतात, गावाचं नाव होतं. पाळणाघर बांधून आजवर कोण मोठं झालंय?"

"मुलं होतात, साहेब," जाऊबाई म्हणाल्या.

कोणीतरी खोकल्याच्या मिषाने हसलं. पुढाऱ्यांचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, संपलं, आता हे अडून बसणार. तेव्हा जाऊबाईंनी पिशवीतून जुन्या साडीची एक पट्टी काढली, टेबलावर उलगडली. आत किल्ल्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

"या दुसऱ्या किल्ल्या," त्या म्हणाल्या. "गेल्या पंधरवड्यात आयांनी माझ्याकडे विश्वासाने दिल्यात. काही झालं तर दार उघडता यावं म्हणून. आत्ता, आपण इथे बोलतोय तेव्हा, या प्रत्येक कुलपाच्या आत मूल आहे. एरवी मी या वेळी गल्लीत असते. आज बारापर्यंत मी इथे आहे. तेव्हा तोवर किल्ल्या कोण घेतंय, सांगा."

मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं. जाऊबाईंनी आवाज चढवला नव्हता, की हात जोडले नव्हते. त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. मग पुढाऱ्यांनी हात लांबवून एक किल्ली उचलली, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि हळूच विचारलं, "हे आमच्या मागच्या गल्लीत आलं ना?" जाऊबाई हो म्हणाल्या. ते उठले. "बैठक तासाभराने घ्या," म्हणाले आणि किल्ली मुठीत धरून एकटेच बाहेर पडले. परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर ओला डाग होता. लहान मूल खांद्यावर रडलं की पडतो तसा. त्यांनी पेन मागितलं आणि यादीत समाजमंदिर स्वतःच्या हाताने तिसऱ्या जागी लिहिलं.

घरी येताना मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, जिंकलात." त्या खूश नव्हत्या. पाळणाघर वर आलं तेव्हा एकट्या म्हाताऱ्यांसाठीचं विरंगुळा केंद्र यादीबाहेर गेलं होतं. "वर कोणाला चढवलं ते सगळे विचारतील," त्या म्हणाल्या, "खाली कोण गेलं ते मलाच लक्षात ठेवावं लागतं." निवृत्त झाल्यापासून त्या आठवड्यातून तीन दुपारी आमच्या सोसायटीच्या वाहनतळात सतरंज्या घालून आसपासच्या म्हाताऱ्यांना गोळा करतात. माझी आई तिथली सर्वांत भांडखोर सभासद. तिचे पत्रे पुढच्या वर्षी बदलून झाले, पण ती परत जायचं नाव काढत नाही, आणि जाऊबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. दोघींचं चहात आलं किती, यावरून रोज वाजतं. मध्ये पडायची माझी टाप नाही.

मागच्या महिन्यात मला सुट्टी होती. जाऊबाई म्हणाल्या, चल, जरा फिरून येऊ, आणि रिक्षा थेट पाळणाघराशी थांबवली. पिवळी बैठी इमारत, दाराशी छोट्या चपलांची रांग. बाहेरच्या फलकावर बऱ्याच जणांची नावं आहेत, त्यांत यांचं नाही. मुलांची झोपायची वेळ होती. आम्ही फाटकाशी उभ्या राहून उघड्या दारातून आत बघत होतो. तिथली नवी सेविका बाहेर आली. मुलगी चांगली होती, ओढणी सावरत आदबीने तिने विचारलं, "कोणाच्या आजी तुम्ही?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर जाऊबाईंनी माझा हात दाबला.

"कोणाची नाही गं," त्या म्हणाल्या. "सहज आले होते."

आम्ही परतीची रिक्षा धरली. एमआयडीसीचं वळण मागे पडल्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बाहेर बघतच म्हणाल्या, "खिडकीजवळची ती सावळी पोर बघितलीस? झोपेत हसत होती."