रंभाबाईच्या गोधडीतला पट्ट्यांचा चौकोन

शिवलिंगप्पा कापडवाल्याचा शर्ट रंभाबाईच्या प्रत्येक गोधडीत सापडतो, ही कुजबुज आमच्या गल्लीत पहिल्यांदा फिरली ती पंचाहत्तर सालच्या संक्रांतीला. अख्खा शर्ट नव्हे, वीतभर चौकोन. पण बाईची अब्रू जायला वीतभर कापड पुष्कळ झालं. मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगितली ती फक्त चौघांना, आणि त्यांनाही बजावलं होतं की पुढं बोलू नका. त्यांनी ऐकलं नाही, त्याला माझा काय इलाज?

रंभाबाई मूळची मैंदर्गीची. नवरा बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं घेऊन सांगोल्याकडं गेला तो गेलाच. मेंढरं परत आली म्हणतात, नवरा नाही. मग दिराच्या दारात दोन वेळची भाकरी आणि चार वेळचे टोमणे खाऊन बाई कंटाळली, आणि सुया-दोऱ्यांचा डबा काखेत मारून सोलापुरात आली. शिवलिंगप्पाच्या दुकानामागं एक पडवी होती. ती झाडून ठेवायची आणि तिथंच बसून गोधड्या शिवायच्या, असं ठरलं. कोणी ठरवलं, कसं ठरलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. संशयाचं पहिलं बी पडलं ते इथंच.

दुसरं बी सॅम्पलच्या बुकांचं. गिरण्यांचे एजंट दुकानात नमुन्यांची जाडजूड बुकं ठेवून जायचे. पानापानावर कापडाचा एकेक चौकोन, कडा करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या. गुढीपाडव्याला नवी बुकं आली की जुनी बाद. शिवलिंगप्पा माणूस असा की पुडीवरचा दोरा सोडवला तरी गुंडाळून गल्ल्यात ठेवणार. पण ही बुकं तो रंभाबाईला फुकट देई. फुकट! सोजरबाई म्हणाली, "माज्याकडनं ब्लाउजपीसला चार आणे कमी घेत न्हाय त्यो मानूस. हिला बुकंच्या बुकं? कायतरी हाय की."

सोजरबाई म्हणजे आमच्या चाळीच्या पहिल्या खोलीत राहणारी, मिलमधल्या कुंडलिकची बायको. तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नसे.

मात्र गोधड्या बघाव्यात तर रंभाबाईच्याच. चार-पाच बुकं उसवली की एका गोधडीपुरते चौकोन निघत. ती ते पडवीत जमिनीवर मांडायची आणि दिवसभर हलवत बसायची. गडद रंगाचे चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके घेतले की मध्ये उजेडाची वाट पडल्यासारखी दिसे. कधी मधोमध एकच लाल ठेवून त्याच्याभोवती फिके, मग निळे, मग काळपट, असे वेढे घेत जाई. मऊ पॉपलिन तोंडाकडं, पँटचं जाड कापड पायाकडं. कारण झोपेत माणूस लाथा मारतो तो पायाकडं. टेरिकॉटचा तिला राग. "ह्यो सुईखाली सरकतोय. लबाड मानसावानी," असं म्हणत ती त्याच्या दोन्ही बाजूंना सुती चौकोन लावायची. मग आत जुनी धोतरं-लुगडी घालून कडेकडेनं धावदोरा, मध्यापर्यंत.

एका बुकात एक रंग एकदाच येतो. म्हणून तिच्या कुठल्या दोन गोधड्या सारख्या नसत. पण एक चौकोन सगळ्यांत सारखा. एका आखूड कडेला, बरोबर मध्ये. तपकिरीवर पिवळे पट्टे. आणि असल्या पट्ट्यांचा शर्ट साऱ्या सोलापुरात एकच माणूस घालायचा.

हे पहिल्यांदा सोजरबाईला दिसलं. तिची गोधडी गच्चीवर उन्हात पडली होती, शेजारी जुलेखाची. जुलेखा म्हणजे टांगेवाल्या इसूफची बायको. दोघींच्या गोधडीत तोच चौकोन, त्याच जागी. खाली रस्त्यानं शिवलिंगप्पा चालला होता, अंगात तोच पट्टा.

"जुलेखा, वर बघू नको. खाली बघ. आता हितं बघ."

जुलेखानं खाली बघितलं, गोधडीकडं बघितलं. "या अल्ला. मैं तो रोज येइच मूँ पे लेके सोती!"

"मी बी! परक्या बाप्याचा शर्ट त्वांडावर!"

त्या दिवसापासून दोघींनी गोधडी फिरवली. पट्टा पायाशी, दुसरी बाजू तोंडावर. बघता बघता गल्लीतल्या अकरा घरांनी गोधड्या फिरवल्या. आठवड्याभरात सोजरबाई नवीन बातमी घेऊन आली. "गोधडीला वास येतोय. आदी कदीच येत नव्हता. पापाचा वास असतोय त्यो." जुलेखानंही नाकाला पदर लावून होकार दिला. मी चहाचा कप खाली ठेवला. पापाला वास असतो हे मला तोवर माहीत नव्हतं, नाहीतर गल्लीतली बरीच प्रकरणं आधीच कळली असती.

पाडवा जवळ आला तशी ही बातमी दुकानाच्या वरच्या मजल्यावर, गौरम्माच्या कानी गेली. गौरम्मा शिवलिंगप्पाची बायको. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून. तिनं आरडाओरडा केला नाही. ती आत गेली आणि नवऱ्याचे पट्ट्यांचे शर्ट मोजले. तीन शिवले होते. दोनच निघाले.

जेवताना तिनं विचारलं, "हे पट्ट्याचं कापड कुठनं आणलेलं जी?"

"एजंटानं भेट दिलं. सांगितलेलं की."

"तीन शर्टाचं?"

शिवलिंगप्पाला ठसका लागला. बायकोनं साधा प्रश्न विचारावा आणि नवऱ्याला ठसका लागावा, यापेक्षा मोठा पुरावा कोर्टातसुद्धा मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गौरम्मानं सांगून टाकलं. नवी बुकं येतील तेव्हा जुनी बंबात जातील. पडवीला कुलूप लागेल. रंभाबाईनं पाडव्याच्या आत आपला डबा उचलावा. चौकोन नाहीत म्हणजे गोधडी नाही, गोधडी नाही म्हणजे पुन्हा मैंदर्गी, पुन्हा दिराचं दार. रंभाबाई नुसती सुईत दोरा ओवत राहिली, तीनदा चुकली.

गल्लीला हळहळ वाटली, पण आधी उत्सुकता शमायला हवी होती. पाडव्याच्या आदल्या दुपारी गौरम्मा कुलूप घेऊन पडवीत उतरली तेव्हा निम्मी गल्ली योगायोगानं तिथंच होती. मीही. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. म्हणजे मी ते येताना तोडलं होतं.

रंभाबाईपुढं अर्धवट गोधडी पसरलेली. गौरम्मानं पट्ट्यांच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

रंभाबाईनं दाराशी उभ्या असलेल्या शिवलिंगप्पाकडं बघितलं. शिवलिंगप्पानं छताकडं.

"त्यांच्याकडं काय बघायलीस? माझ्याकडं बघ. कुठनं आणलंस?"

"मला सांगता येत न्हाय, वैनी. शब्द दिलाय."

"अय्यो शिवा! ऐकलात का सगळे? शब्द दिलाय!"

ऐकलं होतं. सोजरबाईनं तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

"तिसरा शर्ट फाडून दिलात की नाही हिला?" गौरम्मा नवऱ्यावर उलटली.

"तिसरा शर्ट तू बोहारणीला दिलास!" शिवलिंगप्पा कधी नव्हे तो ओरडला. "त्या स्टीलच्या डब्यावर! मी नको नको म्हणत होतो."

गौरम्माच्या चेहऱ्यावर डबा आठवल्याचं दिसलं. पण ती हार मानणारी नव्हती. "मग हे काय आभाळातनं पडलं?"

शिवलिंगप्पानं कपाळ पुसलं. तो दुकानात गेला, माळ्याला शिडी लावली आणि धुळीनं माखलेला एक तागा खाली टाकला. तपकिरीवर पिवळे पट्टे. निम्म्याहून जास्त शिल्लक.

"चाळीस वार," तो म्हणाला. "एजंट म्हणाला, अप्पा, मुंबईत हेच चालतंय. घेतलं. एक वार खपलं नाही. तुला कळलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतंस. म्हणून शर्ट शिवले, आणि उरलेलं हिला म्हणालो, लागेल तेवढं फाडून घे, फक्त घरात बोलू नको."

गल्लीची घोर निराशा झाली. चाळीस वारांची भानगड, पण त्यात बाई नाही. जुलेखा तर जायलाच निघाली. पण गौरम्मा बुडाशी गेल्याशिवाय सोडणारी नव्हती.

"बरं. पण रंगीबेरंगी एवढे चौकोन पडलेत, तर प्रत्येक गोधडीत हेच भिकार कापड कशाला?"

हा प्रश्न तीन महिन्यांत रंभाबाईला कुणी विचारलाच नव्हता. ती चकित होऊन सगळ्यांकडं बघत राहिली.

"आता ह्ये बी सांगायचं व्हय? आमच्या मैंदर्गीत शेंबड्या पोराला ठावं असतंय. समदे रंग येगयेगळे, मग डोकं कुटलं आन् पाय कुटलं, कळायचं कसं? कायतरी एक खूण सारकी नको का? बुकात एक रंग दुसऱ्यांदा गावत न्हाय. गावलं त्ये ह्येच. म्हून पट्टा घातला. पट्टा उशाकडं."

 मग जुलेखा हळूच म्हणाली, "सोजर... अपन तो उलटी लिये ना?"

"उलटी?" रंभाबाई सुई हातात धरून उठली. "पट्टा पायाला घ्येता तुमी? मग कुंडलिकभाऊ दोन वरीस पाय घासत्यात ती बाजू तुमी तीन म्हईनं त्वांडावर घ्येताय व्हय, सोजरबाई?"

मिलमधून आलेला कुंडलिक पाय धुवत नसे, हे गल्लीला माहीत होतं. सोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि घरचा रस्ता धरला. गौरम्मा हसली ती पायरीवर बसूनच. मग उठली, कुलूप तागा ठेवलेल्या माळ्याला लावलं आणि किल्ली आपल्या कमरेला. पाडव्याला जुनी बुकं पडवीत आली. पट्ट्याचे चौकोन हवे असले की रंभाबाईनं यापुढं गौरम्माकडं मागायचे, असं ठरलं. शिवलिंगप्पाला उरलेल्या ताग्यातून आणखी दोन शर्ट शिवून घ्यावे लागले, आणि या वेळी भर दुकानात माप देऊन.

गल्लीतल्या अकरा गोधड्या त्या दुपारी धुतल्या गेल्या आणि पुन्हा सरळ झाल्या.

शर्ट आणि चौकोन एकाच न खपलेल्या ताग्यातले होते. चौकोन गोधडीची उशाकडची बाजू ओळखता यावी म्हणून लावलेला होता.